जाळीलगतची डॉक्टर

शनिवारी संध्याकाळी स्मृतीचा फोन आला तेव्हा डॉ. अंजली निकम दवाखाना बंद करत होती. स्मृती तिची कॉलेजातली मैत्रीण, आता मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. आवाज पार बसलेला.

"डेंगी झालाय," स्मृती म्हणाली. "ऐक, उद्या माझी एक ड्यूटी होती, ती तू कर. एमएमएच्या स्पर्धा आहेत, हौशी खेळाडूंच्या. जाळीजवळ डॉक्टर बसलेला नसेल तर एकही सामना सुरू होत नाही. पोरं म्हैसूर, कोलार, हुबळीहून आलीत."

"एमएमए म्हणजे ते पिंजऱ्यात कोंडून मारामारी करतात ते?"

"मिक्स्ड मार्शल आर्ट्स. मारामारी नव्हे, खेळ आहे. तिथं बसवंत सर असतील, मुख्य रेफरी. ते सगळं समजावतील."

अंजलीच्या घराण्याची बंगळुरात ही चौथी पिढी. तिचा दवाखाना राजाजीनगरात, पेशंट बहुतेक गुडघेदुखीचे आणि शुगरचे. पण त्याआधी सहा वर्षं तिनं कॅज्युअल्टीत काढली होती. भांडणात फुटलेली तोंडं तिनं इतकी शिवली होती की हौसेनं कुणी कुणाचं तोंड फोडावं, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. तरी स्मृतीला नाही कसं म्हणायचं? "सरी, बरं," ती म्हणाली, "जाते."

रविवारी सकाळी नऊ वाजता ती यशवंतपूरपलीकडच्या त्या इनडोअर हॉलमध्ये पोचली. मधोमध आठ कोनांचा चौथरा, त्याला भोवतीनं काळी मऊ जाळी. त्या जाळीबाहेर एक टेबल, एक खुर्ची आणि पाण्याची बाटली. ती जागा तिची.

बसवंत सर पन्नाशीचे, ठेंगणे आणि रुंद खांद्यांचे. एका शाळेत पीटी शिकवायचे. वर्गात बोलावं तसंच ते बोलायचे, स्वच्छ कन्नडमध्ये आणि एकेक मुद्दा धरून.

"डॉक्टर मॅडम, बॉक्सिंग पाहिलंय ना? माणूस पडला की थांबतात. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. इथं पडल्यावर अर्धा खेळ सुरू होतो." त्यांनी हातानंच तीन पायऱ्या दाखवल्या. "उभ्यानं ठोसे आणि लाथा. मग पकडून खाली पाडणं. मग जमिनीवर पकडी, हात पिळणं, गळा आवळणं. या तिन्हीत एकालाच सगळं यावं लागतं. नुसता बॉक्सर असेल तर कुस्तीवाला त्याला उचलून आडवा करतो."

"आणि गळा आवळला तर?"

"टॅप. हातानं दोनदा थोपटायचं. समोरच्याच्या अंगावर, जमिनीवर, कुठंही. त्या क्षणी मी दोघांना सोडवतो. हात अडकले असतील तर तोंडानं ओरडलं तरी चालतं. टॅप केलं म्हणजे हरलं, पण मोडलं काही नाही." ते जरा पुढं झुकले. "डोळ्यांत बोट नाही, चावणं नाही, डोक्याच्या मागं मारणं नाही. या हौशी गटात कोपरानं मारायचं नाही आणि डोक्यावर गुडघाही नाही. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. सामना मी थांबवू शकतो किंवा तुम्ही. तुम्ही थांबवलात तर तो परत सुरू करायचा हक्क कुणालाच नाही. मलाही नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून अंजली खुर्चीत जरा ताठ बसली.

सामन्यांआधी सगळ्यांची तपासणी होती. ब्लड प्रेशर, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, हातांची हाडं. एकामागून एक खेळाडू येत होते. अकराव्या नंबरला एक उंच, काटक मुलगी आली. केसांच्या घट्ट वेण्या घातलेल्या, आणि नाडी एकशे अठरा.

"पल्स स्वल्प जास्त आहे की हो," अंजली स्वतःशीच मराठीत पुटपुटली.

"तुम्ही मराठी आहात?" मुलगी एकदम खुर्चीतून उठलीच. "स्वल्प काय, खूपच जास्त असेल! रात्रभर झोपले नाहीये. माझी पहिलीच फाइट आहे, मॅडम."

तिचं नाव मुग्धा. मूळची पुण्याची, सर्जापूर रोडला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दीड वर्षापूर्वी वजन कमी करायला म्हणून जिममध्ये गेली, तिथं त्रिविक्रम सरांचा एमएमएचा क्लास बघितला आणि तिथलीच झाली.

"घरी माहीत आहे?" अंजलीनं विचारलं.

"बाबांना माहीत आहे. आईला वाटतंय मी झुंबा करते."

अंजलीला हसू आलं. "मार खायला भीती नाही वाटत?"

मुग्धानं खरंच विचार केला. "वाटते ना. पण तिथं आत असताना बाकी काही म्हणजे काहीच डोक्यात येत नाही. दुसऱ्या कशात असं होतच नाही मला."

तिची प्रतिस्पर्धी लगेच तिच्या मागं आली. हेमावती, वय बावीस, गाव कोलारजवळ. ज्युडोमध्ये राज्य पातळीपर्यंत खेळलेली. मुग्धापेक्षा चार बोटं बुटकी, पण मांड्या आणि मान भक्कम. तिची नाडी बहात्तर. अंजलीनं विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दिली आणि "थँक्स, अक्का" म्हणून गेली.

पहिला सामना सुरू झाला तेव्हा अंजलीनं हातमोजे चढवले, गॉझ काढून ठेवलं आणि मनाची तयारी केली. दोन मुलं समोरासमोर आली. पहिली लाथ मांडीवर बसली आणि तो आवाज हॉलभर घुमला. अंजलीनं डोळे बारीक केले. मग एकानं खाली वाकून दुसऱ्याचे दोन्ही पाय धरले, दोघं धाडकन आडवे झाले आणि त्यानंतर कुणाचा हात कुठं आणि कुणाचा पाय कुठं हेच तिला कळेना. चौथ्या-पाचव्या सेकंदाला खालच्या मुलानं दोनदा थोपटलं. वरच्यानं झटका बसावा तसा हात सोडला, आणि पुढच्या क्षणी तो जिंकलेला मुलगा हरलेल्याच्या मानेखाली हात घालून त्याला उठवून बसवत होता. दोघांची गळाभेट झाली.

एवढंच? अंजली बघतच राहिली. भांडणात असं कधी होत नाही. भांडणात सोडत नाहीत.

तिसऱ्या सामन्यापर्यंत तिला थोडं दिसायला लागलं. खाली पडलेला माणूस हरतच असतो असं नाही. पायांनी समोरच्याची कंबर जखडली की खालचाच वरच्याला अडकवतो. शरीरशास्त्र तर तिला पाठच होतं. खांदा किती फिरतो, कोपर कुठपर्यंत सरळ होतो, हे ती पंचवीस वर्षं जाणत होती. त्याच माहितीवर ही पोरं डाव रचत होती! पाचव्या सामन्यात हुबळीच्या एका मुलानं पाठीवर पडल्या पडल्या गडी उलटवला, तेव्हा ती "अय्यो!" असं इतक्या मोठ्यानं ओरडली की बाजूच्या वेळ-अधिकाऱ्यानं वळून पाहिलं. तिच्या लक्षात आलं, आपण टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसलोय.

शेवटचा सामना मुग्धा आणि हेमावतीचा. दुपारचे चार वाजले होते, पण हॉल भरलेलाच होता. कोलारहून हेमावतीची बसभर माणसं आलेली. मुग्धाच्या बाजूनं ऑफिसातली दहा-बारा जणं एकाच रंगाचे टी-शर्ट घालून उभी.

घंटा वाजली.

मुग्धाचे हात लांब होते आणि तिला त्याचा उपयोग ठाऊक होता. डावा ठोसा पुढं टाकायचा, एक पाऊल बाजूला, परत डावा. हेमावती आत शिरायला बघायची आणि दर वेळी नाकावर ठोसा खाऊन मागं जायची. दीड मिनिटानंतर ती भडकली आणि उजव्या हाताचा एक जबरदस्त ठोसा तिनं फिरवला. मुग्धानं हनुवटी खाली घेतली होती, त्यामुळे तो थेट कपाळावर बसला. मुग्धा दोन पावलं मागं गेली, पण पडली नाही. फेरी संपली. जाळीच्या दाराशी त्रिविक्रम सर तिला पाणी देत ओरडत होते, "छान! तिला लांबच ठेव! जवळ येऊ देऊ नको!"

दुसऱ्या फेरीत हेमावती वेगळीच खेळायला लागली. उजवा हात तिनं गालाशी धरला तो धरलाच. सगळं डाव्यानं. आणि त्याच डाव्या हाताचा एक आडवा ठोसा मुग्धाच्या भुवईच्या कडेला लागला. क्षणभर जखम दिसलीच नाही. मग रक्ताची रेघ गालावरून हनुवटीपर्यंत उतरली.

हॉल एकदम चढ्या आवाजात ओरडायला लागला. बसवंत सरांनी "टाइम!" म्हणून दोघींच्या मध्ये हात घातला, मुग्धाला जाळीपाशी आणलं आणि अंजलीकडं बघून मान हलवली.

ती चार पायऱ्या चढून आत गेली. पायांखालची गादी मऊ होती, दिवे थेट डोळ्यांवर. एवढ्या माणसांच्या मध्यभागी ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. तिनं गॉझ दाबलं.

"मॅडम, प्लीज," मुग्धा धापा टाकत म्हणाली. "प्लीज थांबवू नका. मला काही झालेलं नाही."

"ते मी ठरवेन. गप्प उभी राहा." अंजलीनं गॉझ उचलून पाहिलं. जखम भुवईच्या बाहेरच्या टोकाला, दोन सेंटीमीटरची. खोल होती, पण पापणीला लागलेली नव्हती. रक्त डोळ्यात न जाता बाहेरच्या बाजूनं वाहत होतं. तिनं अंगठ्यानं डोळ्याभोवतीचं हाड चाचपलं. कुठं दबलं नाही. "माझ्या बोटाच्या मागं डोळे फिरव. बोटं किती?"

"एक."

"आता?"

"तीन. अंधुक पण नाही दिसत, शपथ."

"वार कोणता?"

"रविवार. उद्या सकाळी दहाला रिव्ह्यू मीटिंग आहे."

मागून हॉल ओरडत होता, सोडा म्हणून आणि थांबवा म्हणूनही. अंजलीला आवाज येत होते, पण त्यातलं काही आत पोचत नव्हतं. एक भुवई, एक बुबुळ, एक हाड, एवढंच समोर होतं. मुग्धा सकाळी म्हणाली होती तसंच काहीसं आपलंही आत्ता झालंय, हे तिला नंतर जाणवलं. त्या घडीला तिनं फक्त बसवंत सरांकडं पाहिलं. "रक्त डोळ्यात यायला लागलं तर मी परत येईन, आणि मग थांबवीन. आत्ता चालू दे."

ती खाली उतरली आणि फेरी संपेपर्यंत तिनं त्या भुवईवरून नजर हलवली नाही.

तिसरी फेरी. मुग्धाच्या भुवईवर त्रिविक्रम सरांनी व्हॅसलीनचा थर दिलेला. आता तीही चेवात आली होती. डावा, उजवा, लाथ. हेमावती मागं, आणखी मागं, जाळीला टेकली. ऑफिसातली मंडळी "मुग्धा! मुग्धा!" ओरडत होती. मग मुग्धानं वाकून तिला कमरेला धरलं आणि खाली पाडलं. ज्युडोवालीला खाली पाडलं! कोलारच्या बाकांवर सन्नाटा झाला.

"चाळीस सेकंद!" वेळ-अधिकारी ओरडला.

मुग्धा वर होती. नुसती तशीच पडून राहिली असती तरी गुणांवर जिंकली असती. पण तिला उठून ठोसे मारायचे होते. तिनं डावा हात हेमावतीच्या छातीवर टेकवला आणि अंग उचललं.

तेवढंच हेमावतीला हवं होतं. तिनं त्या हाताला मिठी घातली, कंबर फिरवली, एक पाय मुग्धाच्या तोंडावरून पलीकडं टाकला आणि मुग्धा गालिचा उलगडावा तशी पाठीवर गेली. आता तिचा हात हेमावतीच्या दोन मांड्यांमध्ये अडकलेला, अंगठा छताकडं, आणि खालून हेमावतीची कंबर वर उचलली जात होती.

अंजली उभी राहिली. कोपराच्या सांध्याला तिकडून कुठंही जायला जागा नसते, हे त्या हॉलमध्ये तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. बसवंत सर गुडघ्यांवर बसून, अगदी कोपराशी डोळे लावून होते. मुग्धानं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट पकडलं. पकड सुटली. परत पकडलं. हात सरळ होत चालला होता. "टॅप कर," हे शब्द अंजलीच्या ओठांवर आले. तिनं ते दातांनी अडवले. ती कुणाच्या बाजूची नव्हती.

"वीस!"

मुग्धाचा मोकळा हात हवेत गेला. एक क्षण तसाच राहिला. मग हेमावतीच्या मांडीवर दोनदा पडला.

हेमावतीनं सोडलं. बसवंत सर मध्ये आले. कोलारची सगळी माणसं बाकांवर चढली होती आणि नाचत होती. मुग्धा पाठीवर पडून छताकडं बघत होती, आणि अंजली धावत आत पोचली तेव्हा ती चक्क हसत होती.

"कोपर दाखव. वाकव. सरळ कर. दुखतंय?"

"नाही. वेळेवर थोपटलं ना?"

"अगदी वेळेवर," अंजली म्हणाली. "अजून एक सेकंद आणि मला तुला प्लॅस्टरला न्यावं लागलं असतं."

निकाल जाहीर करताना बसवंत सरांनी दोघींचे हात धरले आणि हेमावतीचा वर केला. डावा. उजवा तिनं पाठीमागंच ठेवला होता.

अंजलीच्या ते तेव्हाच लक्षात आलं. ती जाळीच्या दाराशी वाट बघत थांबली आणि हेमावती उतरताच म्हणाली, "उजवा हात दे."

"काही नाही, अक्का."

"दे म्हणते ना."

हातमोजा काढला, पट्ट्या कापल्या. करंगळीच्या मागचं हाड मोडलेलं होतं. मुठीवरचा त्या बोटाचा उंचवटा खाली गेलेला, हात फुगलेला, जांभळा. दाबायचीही गरज नव्हती.

"हे कधी झालं?"

हेमावती खाली बघत म्हणाली, "पहिल्या फेरीत. तिच्या कपाळावर मारला तेव्हा."

म्हणजे पुढच्या दोन्ही फेऱ्या ती एका हातानं खेळली होती. ती शेवटची पकडसुद्धा डाव्या हातानं आणि उजव्या कोपराच्या खोबणीत धरलेली. अंजली इतका वेळ मुग्धाचं रक्त बघत होती, आणि जिला खरी इजा झाली होती तिच्याकडं तिनं एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत."

"शंभर टक्के थांबवलं असतं!"

"म्हणून नाही सांगितलं."

अंजलीला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. आधाराची पट्टी मापानं कापून हाताला बांधली आणि बसवंत सरांना बोलावून दाखवलं. "माझ्या नजरेतून सुटलं, सर. सगळा वेळ मी फक्त जखमेकडं बघत बसले."

"मी तर दोन हातांच्या अंतरावर होतो," ते म्हणाले. "तिनं उजवा हात वापरणं बंद केलं हे मी पाहिलं. मला वाटलं, डाव आहे." त्यांनी डोकं हलवलं. "पुढच्या वेळी प्रत्येक फेरीनंतर दोघांचेही हात बघायचे. तुम्ही लिहून द्या, मी नियमावलीत घालायला सांगतो."

मुग्धाला टाके हवे होते आणि हेमावतीला एक्स-रे. शेवटचा सामना झालेला, अंजली मोकळी होती. तिनं दोघींनाही आपल्याच गाडीत मागं बसवलं. मुग्धाला कन्नड येत नव्हतं, हेमावतीला मराठी नाही आणि हिंदी जेमतेम. पण गप्प बसायची तयारी दोघींचीही नव्हती. सगळं अंजलीमार्फत चाललं होतं.

"विचारा ना तिला, माझं नेमकं काय चुकलं?"

अंजलीनं विचारलं. हेमावती भराभरा सांगू लागली, सकाळी चार शब्द बोललेली तीच ही मुलगी. "ती म्हणते, तू हात तिच्या छातीवर टेकवलास. टेकवायचा तर पोटाच्या खाली टेकवायचा, आणि कोपर अंगाशी. ज्युडोत ही चूक तिनं स्वतः दहा वेळा केलीय म्हणे."

"असा?" मुग्धानं करून दाखवलं.

"नाही, असा," म्हणत हेमावतीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि सीटवर पाय वर घेतला.

"गाडीत नाही!" अंजली आरशात बघून ओरडली. "सीट बेल्ट लावा दोघी!" मग सिग्नलला गाडी थांबल्यावर ती स्वतःच मागं वळली. "पण मला सांग, पाय तोंडावरून आधी टाकायचा की कंबर आधी फिरवायची?"

"कंबर, अक्का! आधी कंबर!"

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा तिला कळलं की सिग्नल हिरवा झालाय.

स्मृतीच्या हॉस्पिटलात मुग्धाच्या भुवईला चार टाके पडले. ते अंजलीनंच घातले, जितके बारीक जमतील तितके बारीक, आणि पुढचे सहा आठवडे डोक्याला कसलाही मार लागता कामा नये अशी तंबी दिली. सहा आठवडे ऐकून मुग्धाचं तोंड पडलं, हरल्यावर पडलं नव्हतं तेवढं. हेमावतीच्या हाताचं हाड जागेवर बसवून प्लॅस्टर घातलं. ऑपरेशनची गरज नव्हती.

प्लॅस्टर वाळत असताना तिनं डाव्या हातानं फोन काढला आणि कोलारला आईला लावला. पलीकडून आवाज येताच ती ओरडली, "अम्मा, गेद्दे!"

"काय म्हणाली?" मुग्धानं विचारलं.

"जिंकले म्हणते."

मुग्धा बाकावरून उठली, फोनपाशी वाकली आणि आपल्या पुणेरी मराठीत पलीकडच्या त्या बाईला मोठ्यानं सांगू लागली, "हो काकू, जिंकली! पण मी सोपं नाही जाऊ दिलं तिला!"

पलीकडची बाई काय समजली कोण जाणे. पण तीही फोनवर हसायला लागली होती, आणि अंजली भाषांतर करायचं सोडून नुसती ऐकत उभी होती.